रिकामं कार्ड आणि खिरीचं पान

पवनारच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी बुद्धचरित्राचा ग्रंथ वाचला जायचा, आणि कितीतरी वर्षं तो वाचायला एकच बाई बसत आली होती. धुरपताबाई. चौरंगावर पांढरं कापड, त्यावर ग्रंथ, बाजूला दोन फुलं आणि ग्रंथामागे मांडी घालून बसलेल्या धुरपताबाई. उजव्या हाताचं बोट ओळीखाली ठेवून त्या एकेक शब्द सुटा करून वाचायच्या. बाहेरून आलेल्या माणसाला ते वाचन फार सावकाश वाटे. पण दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करून आलेल्या बायांना तोच वेग बरोबर वाटायचा. शब्द कानात पडून आत उतरेपर्यंत पुढचा शब्द यायचा नाही.

धुरपताबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गावात साक्षरतेचे वर्ग भरू लागले, तेव्हा त्यांची पस्तिशी आली होती. शाळेच्या ओसरीत कंदिलाभोवती बसून त्या अक्षरं शिकल्या. वाचता येऊ लागल्यावर त्यांना पहिला धक्का बसला तो नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका भिंतीमुळे. त्या भिंतीवर लाल रंगात मोठमोठी अक्षरं होती. लग्न होऊन आल्यापासून त्यांना वाटायचं की एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय म्हणजे काहीतरी थोर वचन असणार. येता-जाता त्या डोक्यावरचा पदर नीट करायच्या. वाचलं तेव्हा ती दंतमंजनाची जाहिरात निघाली. हा किस्सा त्या स्वतःच हसत हसत सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "म्हणून म्हणतो, दुसऱ्याच्या भरवशावर राहू नये. सोता वाचून पाहावं."

विहारातही त्यांचा तोच कायदा होता. एकदा नागपूरकडचे एक पाहुणे आले. त्यांनी ग्रंथ समोर उघडला, पण एक ओळही न वाचता तासभर छान बोलले. बायांना आवडलंही. ते गेल्यावर धुरपताबाईंनी त्या दिवसाची पानं पहिल्यापासून वाचायला घेतली. कोणीतरी म्हणालं की आताच तर ऐकलं. त्या म्हणाल्या, ते सांगणं झालं, वाचणं राह्यलंच.

अशा बाईच्या डोळ्यांतून अक्षर गेलं.

गेलं तेही विचित्र पद्धतीनं. बाजूचं सगळं दिसायचं. रस्ता दिसे, म्हैस दिसे, कापसाची बोंडं दिसत. पण बोट ज्या शब्दाखाली ठेवावं नेमका तोच शब्द धुरकट होऊन पुसला जायचा. वर्ध्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आतल्या पडद्यावर मधोमध डाग पडलाय. आंधळेपण येणार नाही, पण हा डाग चष्म्यानं जाणार नाही आणि शस्त्रक्रियेनंही जाणार नाही. धुरपताबाईंनी विचारलं की मग वाचायचं कसं. डॉक्टर म्हणाले, आता या वयात वाचायचं कशाला, आराम करा.

ते दोन हजार आठ साल होतं. लोडशेडिंग एवढं की संध्याकाळचे दिवे ही पाहुण्यासारखी गोष्ट झाली होती. विहारात चार्जिंगचा दिवा लावायचे, पण त्याचा झोत पांढऱ्या कागदावर पडला की धुरपताबाईंच्या डोळ्यांपुढे नुसता चकचकाट व्हायचा. उन्हाळ्यात महिला मंडळाची बैठक झाली, तेव्हा मंडळाच्या प्रमुख मनकर्णाबाईंनी विषय काढला. त्या दोघी एकाच वयाच्या, एकाच वावरात राबलेल्या. त्यामुळे मनकर्णाबाईंनी आडपडदा ठेवला नाही. यंदा माझी सून रोशनी वाचेल, बारावी झालेली आहे, तू बाजूला बसून ऐक, असं त्या म्हणाल्या. धुरपताबाईंनी एवढंच विचारलं की पौर्णिमेला अजून दीड महिना आहे ना. मनकर्णाबाई म्हणाल्या, "हाय. पण दीड महिन्यात तुह्या डोळ्यात नवा बल्ब लागणार हाय का?"

घरी येऊन त्या भाकरी थापायला बसल्या. काहीतरी बिनसलंय हे त्यांचा मुलगा अश्वजित याला रात्रीच्या भाकरीवरून कळलं. भाकर करपली होती, आणि आईची भाकर कधी करपत नसे.

अश्वजितनं वर्ध्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. एका इन्व्हर्टरच्या दुकानात तो दुरुस्तीचं काम करायचा, रोज पवनारहून बसनं जायचा. आईचा विषय त्याला छळत होता, पण त्याच दिवसांत त्याच्या डोक्यात आणखी एक गोष्ट घोळत होती, आणि ती सांगायला त्याला थोडी लाज वाटे. ती गोष्ट म्हणजे गेमचं कार्ड.

त्याचा वर्गमित्र स्वप्निल, पिपरी मेघेतल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. त्याच्या दुबईच्या चुलतभावानं त्याला एक हातातला गेम आणून दिला होता. दोन पडदे, मधे बिजागरी, पुस्तकासारखा मिटायचा. खालच्या पडद्यावर प्लास्टिकच्या काडीनं लिहायचं. एक राजपुत्र राज्यामागून राज्यं ओलांडत जातो असा एक लांबलचक गेम त्यात होता. तो दोघं मिळून अर्ध्यापर्यंत खेळले. मग स्वप्निलला पुण्याला नोकरी लागली. नवीन यंत्र घेतल्यामुळे त्यानं जुनं अश्वजितला देऊन टाकलं, पण राजपुत्राचा गेम काढून घेतला आणि त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक साधा गेम ठेवला. तेव्हापासून राजपुत्र एका पुलावर उभा होता आणि अश्वजितला पुढचं माहीत नव्हतं.

हे गेम ज्या छोट्या कार्डांवर येत ती कार्डं वर्ध्यात मिळत नव्हती आणि मागवायची ऐपत नव्हती. पण फ्लॅश कार्ड नावाचा प्रकार असतो, एकाच कार्डात हवं ते भरता येतं, हे त्याला सायबर कॅफेत कळलं. मग तो महिनाभर तेच वाचत बसला. पहिलं कार्ड घेणाऱ्यानं काय पाहावं यावर जगभरची पोरं भांडत होती. यंत्राला खाचा दोन, तेव्हा कार्ड वरच्या खाचेचं की खालच्या. त्यात मेमरी आतच बसवलेली की मोबाईलचं बारीक मेमरी कार्ड घालायचं. नवे गेम अडकतात का. लोकांनी हौसेनं बनवून फुकट वाटलेले छोटे प्रोग्राम चालतात का. या शेवटच्या मुद्द्याकडे अश्वजितनं लक्षच दिलं नव्हतं. त्याला राजपुत्र पुलावरून खाली उतरवायचा होता.

एके संध्याकाळी वीज गेलेली होती आणि तो ओट्यावर बसून गाड्यांचा गेम खेळत होता. धुरपताबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. डोळ्यांचा डाग चुकवायला त्या अलीकडे मान तिरपी करून पाहायच्या. तशीच मान तिरपी करून त्या म्हणाल्या, "तीन. दोन. एक. सुटली पाह्य तुही गाडी."

अश्वजितचा अंगठा थांबला. गाडी कठड्यावर जाऊन आदळली. त्यानं विचारलं, "आई, तुले आकडे दिसले?"

"दिसले ना. काळ्यात पांढरे व्हते. एवढे मोठे."

त्यानं शर्यत पुन्हा सुरू केली, पुन्हा एकदा केली. दर वेळी त्या बरोबर सांगत गेल्या. मग त्यानं आतून वर्तमानपत्र आणून मोठा मथळा दाखवला. तो त्यांना जमला नाही. मथळ्याची अक्षरं आकड्यांपेक्षा मोठी होती, पण कागद पांढरा होता. पांढरेपणाच आईच्या डोळ्यांना खात होता. काळ्यावर पांढरं आणि आतून उजेड, असं अक्षर मिळालं तर ती वाचू शकत होती.

दुसऱ्या दिवशी तो स्टँडजवळच्या धर्मेंद्रच्या मोबाईल दुकानात गेला. धर्मेंद्र नागपूरहून हवा तो माल आणून देई. अश्वजितच्या सांगण्यावरून त्यानं दोन कार्डं आणून ठेवली होती. एक चकचकीत खोक्यातलं, लाल. त्याची मेमरी आतच बंद केलेली होती आणि शंभरावर गेम भरलेले होते. यादीत राजपुत्राचं नाव होतं. धर्मेंद्रनं ते यंत्रात घालून दाखवलं, आणि सुरुवातीच्या चित्रातच तो पूल, ते पाणी, ते ओळखीचं संगीत सगळं समोर आलं. दुसरं कार्ड काळं, साधं, प्लास्टिकच्या पिशवीतलं. मोबाईलचं मेमरी कार्ड आत सरकवायची खाच होती आणि बाकी काही नव्हतं. धर्मेंद्रनं प्रामाणिकपणे सांगितलं की यात मोठे नवे गेम अडकतात, राजपुत्र तर सुरूच होत नाही, गिऱ्हाईक परत आणून देतात.

अश्वजितनं खिशातून मेमरी कार्ड काढलं. सकाळी त्यानं सायबर कॅफेत त्याच्यावर दोन गोष्टी घेतल्या होत्या. एक, चित्र उघडणारा फुकटचा प्रोग्राम. दुसरी, नेटवर सापडलेला ग्रंथाच्या एका पानाचा फोटो, उलटा केलेला, म्हणजे कागद काळा आणि अक्षरं पांढरी. लाल कार्डात ते घालायला जागाच नव्हती. काळ्यात घातलं. यंत्र थोडा वेळ विचार करत बसलं आणि मग खालच्या पडद्यावर दोन-तीन शब्द उमटले, बोटाच्या पेराएवढे. काडी टेकवून ओढली की पान सरकायचं आणि पुढचे शब्द यायचे. ओळीखाली बोट फिरवल्यासारखंच.

"हे घेतो," तो म्हणाला.

"अबे, रिकामा डब्बा कायले घेऊन राह्यला? भरलेला समोर हाय ना."

"भरलेल्यात माह्यं सामान मावत नाई."

धर्मेंद्रनं हात जोडले आणि रिकामं कार्ड स्वतःहून मागणारं पहिलंच गिऱ्हाईक भेटलं म्हणून चहा सांगितला. चहा पिताना अश्वजितची नजर दोनदा लाल खोक्याकडे गेली. दोन्ही घ्यायचा प्रश्नच नव्हता. बसमध्ये बसल्यावर त्यानं पिशवी वरच्या खिशात ठेवली आणि बटण लावलं.

ग्रंथाचे फोटो काढायला स्वप्निलच्या घरचा कॅमेरा मागून आणला. विहाराच्या ओसरीत दिवसाच्या उजेडात रोशनी पानं दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरायची आणि अश्वजित वरून फोटो घ्यायचा. आपल्याला मिळालेली जागा परत द्यायच्या कामात आपणच मदत करतोय हे रोशनीला कळत होतं. त्यावर ती हसून म्हणाली, "भाऊ, मले बी बरंच हाय. सासूबाई समोर बसून चुका काढतील, त्यापेक्षा पानं धरलेली बरी." चार दिवसांत काम संपलं. मग अश्वजितनं दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळी पानं उलटी केली, कडा कापल्या, ओळीनं क्रमांक दिले.

धुरपताबाईंना मात्र यंत्र पटेना. ते हातात घेऊन त्या म्हणाल्या की हे पुस्तकावानी उघडते खरं, पण पोट्टे यावर गाड्या ठोकतात. बाया म्हणतील, धुरपता विहारात बसून गेम खेळून राह्यली. वडील श्रावणजी खाटेवरून म्हणाले की खेळली तर खेळली, इतकी वर्षं कापूस वेचला, थोडं खेळावं. यावर धुरपताबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते कूस बदलून झोपले. पण दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत त्या काडी फिरवू लागल्या. आधी ओळ सटकायची, पान भलतीकडेच पळायचं. आठवडाभरात हात बसला. एका दुपारी त्यांनी एक परिच्छेद सलग वाचला, यंत्र मिटलं आणि पदरानं त्याचं झाकण पुसलं.

पौर्णिमेला मनकर्णाबाईंनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं. त्यांची अट एकच होती. चौरंगावर ग्रंथ उघडाच राहील. त्याच्यासमोर फुलं पडतात, डोकी टेकतात, ती जागा या डबीला मिळणार नाही. म्हणून असं ठरलं की धुरपताबाईंनी यंत्रावर वाचायचं आणि त्या सांगतील तेव्हा रोशनीनं ग्रंथाचं पान उलटायचं. धुरपताबाईंना हे पसंत पडलं. त्या रात्री वीज नव्हती, आणि अंधारात त्यांचा चेहरा खालून उजळला होता. आवाज तोच, वेग थोडा कमी. समोरच्या बाया पहिल्यांदा चेहऱ्याकडे पाहत राहिल्या, मग सवयीनं डोळे मिटून ऐकू लागल्या.

दोन आठवडे सुरळीत गेले. मग खिरीचा दिवस आला.

सुजातानं गौतमाला खीर दिली ती गोष्ट ज्या संध्याकाळी वाचायची, त्या संध्याकाळी विहारात खीर व्हायची. कोणत्या दिवशी ते वाचणारीनं आदल्या दिवशी सांगायचं. धुरपताबाईंनी "उद्या खीर" असं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ओसरीत चुलीवर मोठं पातेलं चढलं. नेहमीपेक्षा दुप्पट बाया आल्या. गौतम झाडाखाली बसला, हातापायांच्या काड्या झाल्या, सुजाताची दासी झाडाकडे आली, तिनं त्याला पाहिलं, इथवर धुरपताबाई आल्या. "पान," त्या म्हणाल्या. रोशनीनं पान उलटलं, त्यांनीही यंत्रावर पुढचं पान आणलं. पहिले दोन शब्द वाचून त्या थांबल्या.

खीर खाऊन झाली होती. गौतम उठून चालायला लागला होता.

त्यांनी मागे जाऊन पाहिलं, पुढे जाऊन पाहिलं. दाराशी बसलेला अश्वजित उठून आला. त्यानं रोशनीपुढचा ग्रंथ दिव्यापाशी नेला आणि पानांचे आकडे पाहिले. मधले दोन आकडे नव्हते. पान बोटांना जाड लागत होतं. गेल्या वर्षी याच दिवशी, याच गोष्टीवर, कोणाच्या तरी वाटीतली खीर सांडली होती, आणि ओल्या पानासकट ग्रंथ मिटला गेला होता. खिरीच्या गोष्टीची दोन पानं खिरीनंच एकमेकांना चिकटली होती. फोटो काढताना आकडे रोशनीच्या अंगठ्याखाली गेले होते, आणि उरलेसुरले त्यानं कडा कापताना स्वतःच्या हातानं उडवले होते. एकदाही मोजून पाहिलं नव्हतं.

मनकर्णाबाई पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "धुरपता, सांगून टाक ना. तुले तं तोंडपाठ हाय."

"पाठ तं इथं साऱ्यायलेच हाय."

"मंग?"

"मंग काय. वाचाचं हाय."

अश्वजितनं ग्रंथ दिव्याच्या आणखी जवळ धरला. आज आईनं चार वाक्यं सांगितली असती तर कोणाला कळलंही नसतं, त्याची चूकही झाकली गेली असती. त्यानं पानाचा कोपरा नखानं उचकटून पाहिला. धुरपताबाईंना कागदाचा तो आवाज ऐकू आला. त्या म्हणाल्या, "ओढू नको बाबू. फाटलं तं अक्षर जाईन."

मनकर्णाबाई उठल्या. हा घोळ मला आधीच माहीत होता, अशा चेहऱ्यानं त्यांनी ग्रंथ हातात घेतला, ओसरीत नेला आणि खिरीच्या पातेल्यावर, वाफ लागेल पण थेंब पडणार नाही एवढ्या उंचीवर, ते पान धरलं. बायांनी भोवती कोंडाळं केलं. कोणी म्हणालं अजून वर धरा, कोणी म्हणालं खाली. मनकर्णाबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. थोड्या वेळानं त्यांनी सुरीच्या बोथट बाजूनं पान हळूहळू सोडवलं. ते सुटलं, फाटलं नाही. मधोमध तपकिरी डाग होता, पण अक्षरं जागेवर होती.

ग्रंथ चौरंगावर परत आला तेव्हा धुरपताबाई जराशा बाजूला सरकल्या आणि त्यांनी रोशनीला आपल्या शेजारी बसायला सांगितलं. "हे कागदावरचं तुह्यं. वाच."

रोशनी दिव्याच्या उजेडात वाचू लागली. पहिलं वाक्य एका दमात धावत गेलं. धुरपताबाईंनी तिचं बोट धरून ओळीखाली ठेवलं. दुसरं वाक्य सावकाश आलं. सुजातानं सोन्याच्या वाटीत खीर दिली, गौतमानं घेतली. रोशनीचं पान संपलं तिथं धुरपताबाईंनी यंत्र उघडलं, आणि गौतम उठून चालायला लागला.

दुसऱ्या सकाळी अश्वजितनं राहिलेल्या दोन पानांचे फोटो काढले. उलटे केल्यावर तो डाग काळ्यावर निळसर दिसायला लागला. कॉम्प्युटरवर तो पुसून टाकता आला असता, आणि त्यानं आईला तसं विचारलं. धुरपताबाईंनी काडीनं डागाभोवती एक फेरी मारली आणि राहू दे म्हणाल्या. "त्याच्यावरून मले समजते मी कुठं हाय." त्या वर्षी उरलेल्या दिवसांत रोज शेवटचं पान रोशनीनं कागदावरून वाचलं. तसं कोणी ठरवलं नव्हतं, सवय पडत गेली.

आश्विनी पौर्णिमेला वाचन संपलं. ग्रंथ पांढऱ्या कापडात गुंडाळताना मनकर्णाबाईंनी अश्वजितपुढे हात केला. तो यंत्र देऊ लागला तर त्या म्हणाल्या, "गेम तुहा ठेव तुले. आतलं ते काळं दे. पुढच्या आषाढात शोधाशोध नको." त्यानं कार्ड काढून दिलं. त्यांनी ते ग्रंथाच्या घडीत खोचलं आणि कपाट बंद केलं. किल्ली धुरपताबाईंच्या हातात दिली.

दिवाळीत स्वप्निल गावी आला. त्यानं राजपुत्राचा गेम केव्हाच पूर्ण केला होता आणि पुलाच्या पुढं काय होतं ते तो मोठ्या उत्साहानं सांगायला लागला. अश्वजितनं त्याच्या तोंडापुढे हात धरला आणि म्हणाला, सांगू नको, कार्ड आणलं असशील तर दे. स्वप्निलनं आणलं होतं, आणि त्यात दोघांचा जुना डाव पुलावर तसाच ठेवलेला होता. अश्वजितनं ते रिकाम्या खाचेत घातलं आणि आईच्या शेजारी, ओट्यावर, भिंतीला टेकून बसला. धुरपताबाई तांदूळ निवडता निवडता मान तिरपी करून पाहू लागल्या.

"हा काऊन उभा हाय पुलावर?" त्यांनी विचारलं.

"पाह्य आता," अश्वजित म्हणाला.